धर्मा तांडेल विमा घेतो

माझ्या दिराकडे विम्याचा एजंट आला की तो त्याला आधी जाळं धरायला लावायचा.

खुर्ची द्यायचा नाही, पाणी विचारायचा नाही. ओट्यावर फाटकं जाळं पसरून बसलेला असायचा, हातात जाळ्याची सुई. आलेल्या माणसाच्या हातात जाळ्याचं दुसरं टोक द्यायचा आणि म्हणायचा, "धर. ताणून धर. आता बोल." बोईसरहून मोटारसायकलवर आलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात वास मारणारं जाळं घेऊन उभा राहायचा. काही जण पाच मिनिटांत हात बदलायचे. काही जणांना दहाव्या मिनिटाला अचानक कोणाचा तरी फोन यायचा आणि ते निघायचे. ते वळणापलीकडे गेले की धर्मा म्हणायचा, "तासभर जाळं धरवत नाय, आन माजा आजार धरायला आलाय!"

धर्मा हा माझा धाकटा दीर. जन्म होडीवर काढला, त्यातली निम्मी वर्षं तांडेल म्हणून. तांडेल म्हणजे होडी हाकणारा, खलाशांवर हुकूम चालवणारा. आता गुडघे गेले म्हणून किनाऱ्यावर बसतो आणि गावाची जाळी दुरुस्त करतो. मी लग्न होऊन नवापूरला आले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि मी सतराची. त्यामुळे मी त्याला नावाने हाक मारते. तो मला वयनी म्हणतो, पण अहो-जाहो करत नाही.

त्याचं लग्न झालं नाही. तो म्हणतो केलं नाही. मला माहीत आहे, जमलं नाही. तीन मुली पाहिल्या. तिन्ही ठिकाणी चहा यायच्या आत त्याने मुलीला विचारलं, "तुज्यात खोट काय हाय ती सांग. माजी मी सांगतो." मुली उठून आत गेल्या. तिसरीचा बाप तर आमच्या मागे दारापर्यंत आला, निरोप द्यायला नव्हे.

माझा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. दोन्ही मुली आपापल्या सासरी आहेत, एक दातिवऱ्याला, दुसरी वसईला. आमचं घर एकच, मधे भिंत घातलेली. तो पलीकडे, मी अलीकडे. चूल एकच, ती माझ्याकडे.

हे विम्याचं खूळ त्याच्या डोक्यात गेल्या हिवाळ्यात शिरलं, आणि त्याला कारण माझा पाय. मी बोंबील वाळवते. वाळवणात काम करताना शिंगाळा माशाचा काटा तळव्यात गेला. मला साखर आहे. साखरेच्या माणसाला काटा कळत नाही, तसा मला कळला नाही. तिसऱ्या दिवशी पाय वांग्यासारखा झाला तेव्हा कळला. धर्माने रिक्षा आणली आणि बोईसरच्या इस्पितळात नेलं. सरकारी कार्ड आमच्याकडे आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवलेलं. पण ते चालतं ती इस्पितळं आमच्यापासून लांब, आणि डॉक्टर म्हणाले, आता हलवू नका.

सहा दिवस मी आत होते आणि हा बाहेरच्या बाकावर. घरी आल्यावर त्याने मला एवढंच सांगितलं, "वयनी, थितं काऊंटरवर इम्याच्या कार्डवाल्याला बाय बोलते 'बसा'. आपल्याला बोलते 'भरा'." दुसऱ्या दिवसापासून त्याने एजंट बोलवायला सुरुवात केली.

मी धरून चालले की इस्पितळ पाहून हा घाबरला. माणूस समुद्राला भीत नाही, पण सलाइनच्या बाटलीला भितो. असे मी पुष्कळ पाहिलेत. मी त्याला दोनतीनदा बोललेही, "धर्मा, मरायला भितोस काय रे?" तो म्हणायचा, "तू बोंबील बघ."

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. एजंटाने कागद काढला की हा सुई थांबवायचा आणि म्हणायचा, "भोक दाखव पयलं."

एजंट म्हणायचा, "काका, भोक कसलं? यात सगळं कव्हर आहे."

"जाळ्याला भोक नसलं तर त्याला चादर बोलतात. तू चादर इकायला आलास काय? कुठनं काय निसटतं ते सांग."

मग तो आजार घालायचा. "समज, होडीचा दोर तुटून माज्या तोंडावर बसला. मिलंल?" एजंट म्हणायचा, मिळेल. "समज, माशाचा काटा घशात अडाकला." मिळेल. "समज, गुडगा बदलायचा." इथे एजंट पिशवीत काहीतरी शोधायला लागायचा. "समज, शिंगाळ्याचा काटा पायात गेला, आन मानसाला साखर हाय." एवढं झालं की तो माझ्याकडे वळायचा, "वयनी, च्या ठेव." मी आत जायची. चहा घेऊन बाहेर येईपर्यंत एजंट गाडीला किक मारत असायचा. किती चहा मी एकटीने प्यायले त्याचा हिशोब नाही. मला वाटायचं, हा चहा वाचवतो.

एक हिंदी बोलणारा आला होता. चांगला उंच, हसतमुख. "अंकल, एक करोड का कवर ले लो," म्हणाला. धर्मा विचारात पडला. मग म्हणाला, "भाई, मेरा पूरा होडी एक करोड का नहीं था. मैं अकेला इतना कैसे बिमार पडेगा?" तो माणूस इतका हसला की जाळं त्याच्या हातातून सुटलं. झालं, नापास.

दुसरा एक फार गोड बोलायचा. धर्माला रक्तदाब आहे, गोळी चालू आहे, हे ऐकल्यावर त्याने आवाज बारीक केला. "काका, ते नका लिहू. बिडीचंही नका लिहू. कोण बघतंय?" धर्माने जाळ्याचं टोक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बोट रस्त्याकडे केलं. "कुजक्या दोऱ्यानं इनलेलं जाळं पानी लागेपर्यंत लय झ्याक दिसतं. मासा लागला की कळतं. जा तू." तो गेल्यावर मला म्हणाला, "आज लिवायचं नाय, आन मी इस्पितळात पडल्यावर हेच लोक ते हुडकून काढनार." हे मात्र मला पटलं. धर्मा विचित्र आहे, मूर्ख नाही.

तरी मूर्खपणा केलाच एकदा. एका कंपनीचा फोन नंबर त्याला वर्तमानपत्रात मिळाला. फोनवरच्या मुलीने वर्षाचा हप्ता सांगितला. ह्याने निम्मा सांगितला. ती म्हणाली, सर, रेट फिक्स आहे. हा म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे," आणि फोन ठेवला. आता आमच्या बाजारात गिऱ्हाईक 'राहू दे' म्हणून चार पावलं गेलं की कोळीण मागून हाक मारते. ती मारतेच. मी स्वतः जन्मभर मारत आले. त्यामुळे हा फोन समोर ठेवून बसला. तीन दिवस बसला. समुद्रावर गेला नाही, न्हाव्याकडे गेला नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "वयनी, त्यांचा माल ताजा नसंल. न्हायतर हाक मारली असती."

कंपन्यांची पुस्तकं त्याने जमवली होती. त्यातली अक्षरं करंदीच्या डोळ्याएवढी. तो शाळेत दोन वर्षं गेला, मी चौथी शिकले, त्यामुळे वाचायचं काम माझं. दुपारी बोंबील पालथे घातले की मी चष्मा लावून एकेक शब्द लावायची.

"पूर्व-विद्य-मान आजार," मी वाचलं.

"म्हंजे?"

"म्हणजे आधीपासून असलेला."

"त्याचं काय?"

"त्याला तीन वर्षं काही मिळणार नाही."

तो थोडा वेळ जाळ्यात सुई घालत राहिला. मग म्हणाला, "वयनी, आपन दोघं बी आधीपासूनच हाव की."

असं करत मे महिना आला. आणि आता खरी अडचण उभी राहिली. त्याच्या ऐपतीतली एकच पॉलिसी होती, आणि तिच्यात पासष्ट वर्षं पूर्ण झालेला नवा माणूस घेत नव्हते. पुढच्या वयाच्या पॉलिसीचा हप्ता ऐकून तर तो सुईच विसरला होता. धर्माचा जन्म कागदावर एक जूनचा. आमच्या वेळी शाळेत घालताना गुरुजी सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला लावायचे. माझा पण एक जून, माझ्या नवऱ्याचा पण एक जून. खरं म्हणजे धर्मा नारळी पौर्णिमेच्या आसपासचा, माझी सासू सांगायची. पण सासूचं तोंड कंपनी मानत नाही. "दोन मयने गुरुजीनं खाल्ले माजे," धर्मा म्हणायचा. एक जूनला होड्या वर ओढतात, पावसाळ्याची मासेमारी बंद होते. त्याच दिवशी ह्याचंही बंद होणार होतं.

मी म्हटलं, "घे ना मग एक कुठला तरी. किती भोकं मोजशील?"

"अजून एक भोक ऱ्हायलंय," तो म्हणाला.

मे संपायला चार दिवस असताना मनीषाबाई नावाची एजंट आली. मासवणची. चाळिशीची असेल, दोन मुलांची आई, स्कूटीवरून आली ती डोक्याला ओढणी बांधून. त्या दिवशी धर्मापुढे मोठं जाळं होतं, एका माणसाला न पेलणारं. त्याने एक टोक तिला दिलं आणि दुसरीकडून मला उभं केलं. बाईने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि जाळं दोन्ही हातांनी पकडलं. ताण बरोबर ठेवला, ना सैल, ना घट्ट.

"कदी धरलं व्हतं?" धर्माने विचारलं.

"नाही काका. पण आमच्याकडे भात वारवताना सूप धरतो, तसंच हे. समोरच्याकडे बघून धरायचं."

धर्माने बिडी विझवली. मी त्याला ओळखते. बाई पास.

"भोक दाखव पयलं," तो म्हणाला.

"सांगते. पहिला महिना अपघात सोडून काही मिळणार नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा, याला दोन वर्षं. तुमच्या बीपीमुळे जे होईल त्याला तीन वर्षं. खोलीचं भाडं ठरलेलं, त्याच्या वरची खोली घेतलीत तर बाकीच्या बिलातही कापतात. आणि जे बिल होईल त्याचा पाचवा हिस्सा तुमचा. अजून आहेत, पण मोठी भोकं ही."

धर्माने माझ्याकडे पाहिलं. पाच महिन्यांत एवढं कोणी एका दमात सांगितलं नव्हतं. मला वाटलं, चला, सुटलो.

"वयनी, च्या ठेव," तो म्हणाला.

"कशी ठेवू? दोन्ही हात जाळ्यात आहेत," मी म्हटलं.

मनीषाबाईला आमच्या घरची रीत काय माहीत. ती सरळ म्हणाली, "काका, तुम्ही फोनवर विचारलं होतं ते मी ऑफिसात तीन जणांना विचारलं. वहिनी बसत नाहीत. ह्या पॉलिसीत नवरा, बायको, मुलं, आईवडील एवढीच नाती आहेत. भावाची बायको नाही. शिवाय त्यांचं वय पुढे गेलंय आणि साखर आहे. त्यांची वेगळी निघेल, पण हप्ता तुम्हाला झेपणार नाही, आणि साखरेमुळे पायाला काही झालं तर तेही तीन वर्षं धरणार नाहीत. खोटं सांगून काय करू?"

शिंगाळ्याचा काटा, आणि माणसाला साखर आहे. मी इतकी वर्षं मासे विकते, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांवरून त्याच्या घरी पाहुणे आलेत की नाही ते सांगते. आणि हे पाच महिने माझ्या नाकासमोर चाललं होतं.

धर्मा मनीषाबाईशीच बोलत होता, माझ्याकडे बघत नव्हता. "बाय, एका चुलीवर जेवतो आमी. मग एका कागदावर का नाय? होडीत खलाशी आजारी पडून घरी ऱ्हायला, तरी त्याचा वाटा आमी पयला काढतो. मग बाकीच्यांचे. तो कुनाचा कोन ते इचारत नाय कोनी."

"काका, होडी तुमची असते. हा कागद कंपनीचा आहे."

"मग मला एकट्याचा नको."

मला राग आला. दुसऱ्या बाया रडल्या असत्या, मला राग आला. मी जाळं खाली टाकलं.

"धर्मा, सही कर."

"नाय."

"तू मोडून पडलास तर मी तुला काय टोपलीत घालून नेऊ? सही कर म्हणते."

"एकट्याचा वाटा घेतलेला तांडेल बगितलास कदी?"

"सही केली नाहीस तर मी उद्यापासून साखरेची गोळी बंद करते."

"कर बंद. मी कालवनात कुटून घालीन."

"कालवण मी करते!"

मनीषाबाईने अजून आपलं टोक सोडलं नव्हतं. ती एकदा त्याच्याकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. धर्मा खाली बघून सुईला दोरा गुंडाळत राहिला. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "सई करतो. पन तू वाळवनात चप्पल घालशील तर."

आता हे काय मागणं आहे, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. वाळवणात आम्ही चप्पल घालत नाही. मी नाही, माझी सासू नाही, तिची सासू नाही. वर बांबूवर बोंबील असतात, खाली करंदी-जवळा पसरलेला असतो. ते अन्न आहे, आणि आमची लक्ष्मी आहे. तिच्यात चप्पल घालून कोण जातं? गावातली पोरगी जरी चुकून गेली तरी मी लांबून ओरडते. तो काटा मला अनवाणी पायानेच लागला होता हे खरं. पण पन्नास वर्षांत तो एकदाच लागला होता.

"लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"लोक तुजा पाय बांदायला येनार हाय काय?"

मनीषाबाई म्हणाली, "काका, ही अट फॉर्मात लिहायची का?"

"लिव."

"त्याला रकाना नाही."

"त्यांच्याकडं कशालाच रकाना नाय," धर्मा म्हणाला.

मी हो म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि मे संपायला उरलेल्या चार दिवसांत एक रविवार होता.

सही करण्यापूर्वी त्याने सगळं लिहून घ्यायला लावलं. रक्तदाब, दिवसाच्या बिड्या, लहानपणी चावलेला साप, होडीवर मोडलेलं बोट, गेलेले दात. दात किती ते नीट आठवेना म्हणून मला तोंड उघडून दाखवलं आणि मी मोजले. मनीषाबाईला वेगळा कागद जोडावा लागला. ती म्हणाली की इतकं खरं लिहिलेला फॉर्म तिने आजवर पाठवलेला नाही, परत येतो की काय अशी तिला भीती वाटते. परत आला नाही. पालघरला रक्त तपासायला बोलावलं, हप्ता थोडा वाढवला आणि घेतलं.

सही केली त्याच संध्याकाळी तो बोईसरच्या बाजारातून निळ्या रबरी चपला घेऊन आला. एक नंबर मोठ्या. पाय सुजला तर चालाव्यात म्हणून, असं म्हणाला. शुभ बोलायची ह्याची पद्धतच वेगळी. चपला त्याने विहिरीच्या पाण्याने धुतल्या आणि माझ्या मागच्या दाराशी ठेवल्या. "ह्या वाळवनातल्याच. रस्त्यावर न्यायच्या नाय. म्हंजे रस्त्याची घान लागनार नाय, आन तुजी लक्ष्मी पन रागावनार नाय." हे त्याने कधीपासून ठरवून ठेवलं होतं कोण जाणे.

पावसात कार्ड आलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. "तू ठेव."

"माझं नाव कुठे आहे त्याच्यावर?"

"मी पडल्यावर मला न्यायला कोन येनार हाय? ते माज्या खिशात असून काय उपेग?"

मी ते सरकारी कार्डाच्या पिशवीत घातलं. माझ्या पायाचं पुढे काय, ते कुठल्याच कंपनीने लिहून दिलेलं नाही. माझा विमा म्हणजे त्या दोन चपला. गावातल्या बाया पहिले आठ दिवस हसल्या. आता त्यातल्या दोघी स्वतः घालतात आणि विचारलं तर म्हणतात, डॉक्टरने सांगितलंय.

एक मात्र झालं. विमा घेतल्यावर एजंट यायचे बंद झाले. कशाला येतील? पावसाळाभर धर्मा ओट्यावर एकटाच बसायचा, जाळ्याचं दुसरं टोक खांबाला बांधून. खांब नीट धरतो, हलत नाही, त्याला फोनही येत नाही. पण धर्मा त्याला काही विचारत नसे. विणताना दिवसभर त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, म्हणजे ऐकण्यासारखं काही नव्हतं, ते ऐकत होते.

आता पुन्हा वाळवण सुरू झालं आहे. सकाळी बोंबील घालून झाले की मी मागच्या अंगणातून तशीच त्याच्या ओट्याकडे वळते. मला कामं नाहीत असं नाही. तो मान वर करून काही बोलत नाही. आधी माझ्या पायांकडे बघतो. मग खांबाची गाठ सोडतो आणि टोक माझ्या हातात देतो.